ढगातली खतावणी

आमच्या चिरंजीवांनी गेल्या वर्षी जाहीर केले, की यापुढे घरातली एकही फाईल हरवणार नाही. "बाबा, सगळं क्लाउडवर! फोन, टॅब, लॅपटॉप. एकीकडे बदल केला की तिन्हीकडे आपोआप. ह्याला सिंक म्हणतात." आमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकमधून आजवर दोन चमचे आणि सौ.च्या कानातली एक फिरकी वाहून गेली होती. तरीही मी मान डोलावली.

मार्चअखेर मी बँकेत मान मोडत असताना टॅबने सौ.ला बजावले, 'जागा शिल्लक नाही.' तिने 'किरकोळ' नावाचा फोल्डर पुसला. त्यात आईच्या आवाजातली मेतकुटाची कृती होती. आई जाऊन चार वर्षे झाली.

आषाढात मऊ भात झाला आणि मला मेतकूट आठवले. फोनवर कृती नाही. लॅपटॉपवर नाही. कचरापेटी तीस दिवसांनी स्वतःच साफ झालेली.

"अहो, मी टॅबवरची पुसली. फोनवर आहे ना?" सौ. म्हणाली.

जगातला कोणीही शहाणा माणूस हेच म्हणेल. शहाणपण चालत नाही ते फक्त सिंकमध्ये!

आता वाचकहो, माझे कारकुनी गाऱ्हाणे ऐका. आमच्या धंद्यात रोजकीर्द वेगळी आणि खतावणी वेगळी. का? तर एकीतली चूक दुसरीने पकडावी म्हणून. खोडरबराला तर बंदीच. चुकलेल्या आकड्यावर रेघ मारायची आणि शेजारी सही ठोकायची. सिंक हा असा कारकून आहे, की एका वहीत चूक झाली की तो धावत जाऊन उरलेल्या वह्यांत तीच करतो. आमचा हिशेब तंतोतंत जुळला होता: तिन्हीकडे शून्य!

सोय मी नाकारत नाही. फोन पावसात बुडाला तरी कागदपत्रे वाचतात. माझे भांडण आहे ते सोयीला तिजोरी म्हणण्याशी. शिवाय ढग फुकट बरसेल तो मालकाच्या मर्जीने. 'गूगल फोटोज'ने अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021पासून थांबवली. तेव्हापासून नवे फोटो, मेल आणि फायली मिळून फुकट जागा 15 जीबी. पुढे भाडे भरा!

जाणत्यांचा नियम साधा आहे: प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. मी हार्ड डिस्क आणली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी नक्कल उतरवतो आणि वायर काढून ती कपाटात टाकतो. वायर काढणे महत्त्वाचे. जोडलेलीच ठेवली, तर तीही सिंकच्या नादी लागायची.

आणि मेतकूट? ते मिरजेला सापडले. ताईला मी पूर्वी तीच फीत पाठवली होती. तिच्या जुन्या, बिनइंटरनेटच्या फोनमध्ये ती सुखरूप होती.

"तू पुसली कशी नाहीस गं?"

"आईचा आवाज कोणी पुसतं का रे?"

आम्ही दोघांनी ती ऐकली. डाळी, तांदूळ, मेथ्या, सुंठ, सगळे आले. शेवटी आई म्हणते, "लिहून घेतलंस ना नीट?"

या वेळी घेतले. शाईने.