नोंदवही गावाची, कुलूप कोणाचे?

शासनव्यवहारात नोंदीला मोठे महत्त्व आहे. जमीन, जन्म-मृत्यू, पाऊस हे सारे आपण पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवले. मात्र गावाच्या शिवारात कोणती झाडे, पक्षी, मासे आहेत हे लिहिण्याची जबाबदारी जैवविविधता कायदा (२००२) व त्याखालील नियम (२००४) यांनी प्रथमच स्थानिक समित्यांवर टाकली. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि देशभर अडीच लाखांहून अधिक लोक-जैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या. त्यांतील कितीतरी कपाटात आहेत.

दुसऱ्या एका राज्यातील कार्यालयात मी अशीच एक संगणकीय यादी पाहिली होती. वनस्पतींची स्थानिक नावे एका खाजगी कंपनीच्या फॉन्टमध्ये टंकलेली. कंत्राट संपले, संगणक बदलला आणि पडद्यावर नावांच्या जागी निरर्थक चिन्हे आली. वृद्धांना विचारून गोळा केलेली ती माहिती शासनाच्याच कार्यालयात शासनाला वाचता येईना!

म्हणून मला वाटते की, अशा कामासाठी मुक्त स्रोत प्रणालीच हवी. 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल' २००८ साली याच मार्गाने सुरू झाले. कोणीही छायाचित्र, तारीख व ठिकाण नोंदवावे, जाणकारांनी ओळख पटवावी आणि नोंद नकाशावर दिसावी, अशी त्याची साधी रीत आहे. त्याच प्रणालीवर पुढे भूतानचे राष्ट्रीय पोर्टल उभे राहिले. आपले काम शेजाऱ्याच्या उपयोगी पडते, ते प्रणाली खुली असेल तरच.

यावर एक रास्त शंका घेतली जाते: सारे खुले केले तर खवले मांजराचा ठावठिकाणा शिकाऱ्याला कळणार नाही का? पण प्रणाली खुली असणे आणि माहिती खुली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आयनॅचरलिस्ट'वर संकटग्रस्त प्रजातींचे नेमके स्थळ लपवून सुमारे ०.२ अंशांच्या चौकोनात कोठेतरी बिंदू दाखवला जातो. वैदूंचे औषधी ज्ञान तर गावाच्या संमतीविना नकाशावर येताच कामा नये.

दुसरा गैरसमज असा की, मुक्त म्हणजे फुकट. तसे नाही. देखभालीला माणसे लागतात आणि दरवर्षी तरतूद लागते. प्रकल्पाच्या उद्घाटनाला निधी मिळतो, तिसऱ्या वर्षी तो मिळत नाही, हे आपले जुने दुखणे आहे.

निविदेत तीन अटी हव्यात:
१. मूळ संहिता खुल्या परवान्याखाली शासनाच्या ताब्यात असावी.
२. स्थानिक नावे युनिकोडमध्येच लिहावीत.
३. सर्व नोंदी केव्हाही, सर्वमान्य स्वरूपात उतरवून घेता याव्यात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना हे चटकन पटेल. आपला पळस हिंदी प्रदेशात ढाक किंवा टेसू होतो, कर्नाटकात मुत्तुग. झाड तेच. ही सारी नावे एका नकाशावर, एका नोंदीखाली राहावीत, आणि त्या नकाशाची किल्ली कोणत्याही एका कंत्राटदाराच्या खिशात नसावी. एवढी दक्षता घेणे प्रशासनाला अवघड नाही.