मैदान, चहा आणि आडनाव

आपल्या वसतिगृहात पाचवीपासून दहावीपर्यंत राहिलेला एक विद्यार्थी सध्या राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीवर लंडनमध्ये शिकत आहे. त्याचे आईवडील अजूनही ऊसतोडीला जातात. मध्यंतरी त्याचे पत्र आले. त्यात अभ्यासाविषयी चार ओळी होत्या आणि एका शनिवारविषयी तीन पाने. त्या दिवशी तेथे निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांचा मेळावा होता. सकाळी क्रिकेटचा सामना आणि सायंकाळी प्रत्येकाने आपल्याकडचे काहीतरी सादर करायचे. ते पत्र वाचले आणि या स्मरणिकेसाठी योजिलेला दुसरा विषय मी बाजूला ठेवला.

सामन्यात त्याच्या फिरकीवर तीन गडी बाद झाले. त्याच्या संघात श्रीलंकेचा यष्टिरक्षक होता आणि आयुष्यात प्रथमच बॅट हाती धरणारा एक ब्राझीलचा मुलगाही होता. मधल्या सुटीत सर्वांनी एकाच टेबलावर चहा घेतला, आणि ब्राझीलचा मुलगा याच्याच बाटलीतून पाणी प्यायला. हे त्याने सहज लिहिले आहे. मला मात्र ते सहज वाचता आले नाही.

इंग्लंडचे मैदान म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला पळवणकर बाळू आठवतात. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखणारा हा चर्मकार समाजातील तरुण नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करता करता मोठा गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदू संघाला जिंकण्यासाठी त्यांचा हात हवा होता. पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडू चालत होता, कप चालत नव्हता! 1911 मध्ये याच बाळूंनी भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी लाभले नाही. पुढे 1923 मध्ये ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. (बाळू 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, म्हणून आपल्या वर्गांत त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. मला हे योग्य वाटत नाही.)

त्या शनिवारी चहाच्या टेबलावर जातिभेद अजिबात नव्हता, असे मात्र नाही. तेथेच एका भारतीय विद्यार्थ्याने याला नाव विचारले, मग पूर्ण नाव, मग गाव, आणि मग गावात घर कोणत्या बाजूला तेही. बाकीच्यांना त्या प्रश्नांत काही विशेष जाणवले नाही. याने ‘महाराष्ट्रातला’ एवढेच सांगितले आणि तो मैदानाकडे वळला. ‘सर, त्यानंतरचे षटक मी फार वाईट टाकले,’ असे त्याने लिहिले आहे.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी नोंदविले आहे की, अमेरिका व युरोपातील पाच वर्षांच्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती, ती परत आली बडोद्याला उतरल्यावर. आजच्या विद्यार्थ्याला बडोद्यापर्यंत येण्याची गरज उरलेली नाही. 1913 साली कोलंबिया विद्यापीठात भारतीय विद्यार्थी मोजकेच होते. आज लंडनमध्ये ते इतके आहेत, की आपला गावगाडा ते सोबत नेऊ शकतात. परदेशी शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे मुलगा त्या प्रश्नातून सुटला, असे आपण पालकांना सांगत आलो. ते अर्धेच खरे आहे.

सायंकाळी भारतीय विद्यार्थ्यांनी बसविलेल्या गरब्यात त्यालाही उभे राहण्यास सांगण्यात आले. त्याने नम्रपणे नकार दिला आणि एकट्याने मंचावर जाऊन वामनदादा कर्डकांचे एक गीत गायिले. डफ नव्हता, त्याने टेबलावरच ताल धरला. गाण्यापूर्वी त्याने पूर्ण नाव सांगितले, आपण बौद्ध आहोत हे सांगितले आणि वामनदादा कोण हेही इंग्रजीत समजावून दिले. गाणे संपल्यावर श्रीलंकेचा यष्टिरक्षक पुढे आला व दोघांनी मिळून त्रिशरण म्हटले. शब्द तेच, चाल निराळी. सकाळचा प्रश्नकर्ता टाळ्या वाजवीत होता की नाही, हे त्याने पाहिले नाही म्हणे. मला वाटते, त्याने पाहिले असावे.

आता आपल्याविषयी. हा मुलगा फिरकी शिकला ती शाळेच्या मैदानावर, आणि गाणे शिकला ते 14 एप्रिलच्या तयारीत. या दोन्ही गोष्टी आपल्या वेळापत्रकात सर्वांत आधी कापल्या जातात. दिवाळीनंतर दहावीचा खेळाचा तास काढून तेथे इतिहासाची उजळणी घेणारा शिक्षक मीच. वर्षानुवर्षे घेतली, आणि निकाल चांगला लागला म्हणून मला कोणी अडविलेही नाही. आपल्या मुलांना खेळण्याची चैन परवडत नाही, शिक्षण हेच आपले एकमेव शस्त्र, असे मी सभांमधून बोललो आहे. परंतु त्या शनिवारी, जेथे कोणी त्याला गुणपत्रिका विचारत नव्हते, तेथे माझी उजळणी त्याच्या कामी आली नाही. कामी आले ते क्रीडाशिक्षकांचे आणि गाणी बसविणाऱ्या वसतिगृह अधीक्षकांचे श्रम. तेव्हा येत्या वर्षापासून दहावीचा खेळाचा तास परीक्षेपर्यंत चालू राहावा, आणि जयंतीच्या गाण्यांचा सराव वर्षभर, आठवड्यातून एकदा व्हावा, अशी विनंती मी संस्थेला लेखी केली आहे. उजळणीसाठी मी पहाटेचा तास घेईन; मुलांनी कुरकुर केली तरी.

पत्राच्या अखेरीस त्याने क्रीडाशिक्षकांना विचारले आहे की, खेळपट्टीवरची ती फाटकी चटई अजून तीच आहे काय. तीच आहे. एका कडेला आणखी एक ठिगळ लागले आहे, एवढेच.