आधी वाचून दाखव, मग कर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारणही तसंच आहे.

नातवाने दिवाळीत माझ्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून दिलं. म्हणाला, "आबा, एकेक फाइल माउसने ओढत बसू नका. काळ्या खिडकीत एक ओळ लिहा, सगळ्यांवर काम होतं." पटलं मला. दीडशे फायलींसाठी दीडशे वेळा तेच करणं म्हणजे शिक्षा म्हणून 'मी गोंधळ करणार नाही' शंभरदा लिहिणं!

आमच्या हिने आई-मावश्यांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या दोन वह्यांत उतरवल्या होत्या. ती जाऊन सहा वर्षं झाली. भाचीने पानांचे फोटो काढून दिले, पहिल्या वहीचे ६४ आणि दुसरीचे ८८. मला ते एका फोल्डरात हवे होते. 'फाइंड'ला सांगितलं, फोटो शोध आणि प्रत्येकावर 'एमव्ही' चालव, म्हणजे तिकडे हलव. एक ओळ, एक एंटर. काहीच बोललं नाही ते. युनिक्सची रीतच तशी, काम झालं की गप्प. मी खूश.

फोल्डर उघडलं तर फोटो ८८!

दोन्ही वह्यांत 'पान १', 'पान २' अशीच नावं होती. त्या नावाची फाइल तिथे आधीच असली तर 'एमव्ही' न विचारता तिच्या जागी नवी ठेवतं. पहिली वही दुसरीखाली गाडली गेली. आणि त्या वहीच्या कागदाचा तर वाळवीने केव्हाच भुगा केलाय.

आयुष्यभर हजेरी घेतली मी. वर्गात दोन अशोक असले की पहिल्याच दिवशी वडिलांचं नाव जोडायचो. तेच इथे विसरलो.

नातू म्हणतो, संगणकाने विचारायला हवं होतं. तशी सोय आहे, पण मला ते पटत नाही. दीडशे वेळा 'करू का?' विचारलं असतं तर दहाव्या वेळेपासून मी न वाचताच 'हो' म्हटलं असतं. खरा उपाय वेगळा आहे. 'एमव्ही'च्या आधी 'एको' हा एक शब्द लिहायचा. मग ते काहीही हलवत नाही, काय करणार ते फक्त ओळीने वाचून दाखवतं. तेव्हा 'पान १' दोनदा आलेलं मला दिसलं असतं. सगळं ठीक वाटलं की 'एको' काढायचं. शिवाय 'एमव्ही'ला 'उणे एन' जोडलं तर ते जुन्या फाइलला हात लावत नाही.

मोठ्यांचंही असंच होतं बरं! १९९८ साली पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २'चं काम चालू असताना कुणीतरी सगळं पुसण्याची आज्ञा भलत्या जागी दिली, आणि डोळ्यांदेखत पात्रं नाहीशी होऊ लागली. बॅकअपही धड नव्हता. गॅलिन सुसमन या बाई तान्ह्या बाळामुळे घरून काम करायच्या. त्यांच्या घरी प्रत होती म्हणून सिनेमा वाचला.

माझी सुसमन म्हणजे भाची. तिच्या जुन्या फोनमध्ये ६४ पैकी ५७ पानं सापडली. सात गेली, ती गेलीच.

तरी माउसकडे परत जाणार नाही मी. आमच्या मुदखेड जंक्शनवर एक सांधा बदलला की अख्खी गाडी धर्माबादऐवजी किनवटच्या वाटेला लागते. म्हणून कुणी डबे एकेक करून ढकलत नाही. सांधा आधी बघतात, मग गाडी सोडतात. ज्याची एक आज्ञा अनेकांवर चालते, त्याने ती आधी स्वतःला वाचून दाखवावी. मग तो फायलींचा मालक असो, नाहीतर शाळेचा हेडमास्तर.

असो. तुमच्यापैकी कुणाकडे आमच्या हिच्या आवाजातल्या ओव्या टेप केलेल्या असतील तर कळवा. त्या सात पानांवर काय होतं, मला पाठ नाही.