नाव तिचे, निर्णय कोणाचा?

पेढीच्या भागीदारी पत्रात घरातील स्त्रीचे नाव असणे ही आज नवलाई राहिलेली नाही. दुकानाची जीएसटी नोंदणी पत्नीच्या नावाने, गोदामाच्या उताऱ्यावर आईचे नाव, नव्या फर्ममध्ये सून भागीदार, ही व्यवस्था अनेक घरांत आढळते. मात्र मालाचा भाव ठरवताना, उधारीची मुदत ठरवताना किंवा कर्जासाठी बँकेच्या व्यवस्थापकासमोर बसताना ती बहुधा उपस्थित नसते. स्त्रियांची आर्थिक स्थिती पारखायची असेल, तर नाव आणि निर्णय यांतील हे अंतर प्रथम मोजले पाहिजे.

महाराष्ट्राने कायद्याची बाजू बऱ्याच आधी भक्कम केली. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. १९९४ मध्ये राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर झाले. त्याच वर्षी राज्याने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. मात्र दुरुस्तीपूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ही अट मागे पडली. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. हा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. तरीही वाटणीच्या वेळी बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सही घेण्याची रीत थांबलेली नाही. अनेकदा ती सही माहेरचे दार उघडे राहावे, एवढ्याच अपेक्षेने केली जाते.

सार्वजनिक जीवनातही हेच चित्र आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. प्रारंभी कित्येक गावांत ‘सरपंचपती’ कारभार पाहत. पण सभेत बसता बसता अनेक स्त्रिया अंदाजपत्रक वाचू लागल्या, ग्रामसेवकाला जाब विचारू लागल्या. वरच्या पायऱ्यांवर मात्र वाट अरुंद होते. २०२४ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २८८ जागांवर केवळ २१ स्त्रिया निवडून आल्या. १९६० पासून राज्याला एकही महिला मुख्यमंत्री लाभलेली नाही. राज्याच्या पहिल्या महिला मुख्य सचिवांची नियुक्तीही २०२४ मध्येच झाली. लोकसभा व विधानसभांत एक तृतीयांश जागा राखीव ठेवणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली. तिची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडलेली आहे.

व्यापारी घरांत तर नावापुरत्या सहभागाची किंमत मोजावी लागते. भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार फर्मच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि व्यक्तिशः जबाबदार असतो. तिचा वाटा दहा टक्के असला, तरी धनको संपूर्ण रकमेसाठी तिच्याकडे येऊ शकतो. कर्जाला जामीन राहणाऱ्या स्त्रीचे दायित्वही, करारात वेगळे ठरले नसेल तर, कर्जदाराइतकेच असते. धंदा तेजीत असेपर्यंत हे कोणाच्या ध्यानी येत नाही. मंदी आली, अथवा कर्ता पुरुष अकाली गेला, की जिने रोजमेळ कधी उघडला नाही तिच्याच नावे नोटीस येते. येणे किती, देणे किती, कोणता व्यापारी प्रामाणिक, हे तिला सांगणारे कोणी उरलेले नसते.

संधी मिळाल्यास काय घडते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. १९५९ मध्ये गिरगावातील सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. सातारा जिल्ह्यातील म्हसवडला ग्रामीण स्त्रियांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक निरक्षर असल्याच्या कारणावरून तो नाकारला गेला. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेपुढे गेल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. या स्त्रियांना हिशेब कोणी वारशाने दिला नव्हता. व्यापारी घरातील मुलीच्या कानावर तर नफा-तोट्याची भाषा बालपणापासून पडत असते.

म्हणून प्रारंभ घरातूनच व्हावा. सही करण्यापूर्वी करारपत्र तिला वाचू द्यावे, तिचे दायित्व समजावून सांगावे. महिन्यातून एकदा ताळेबंद तिच्यासमोर मांडावा. खरेदी, वसुली किंवा शाखेचा कारभार यांपैकी एक जबाबदारी पूर्णपणे तिच्याकडे द्यावी आणि तिच्या निर्णयात चूक झाली, तरी ती मुलाच्या चुकीइतक्याच उदारतेने पोटात घालावी. व्यापारी संघाच्या कार्यकारिणीतही स्त्रियांचे स्थान हळदीकुंकवाच्या समितीपुरते नसावे. पेढीवर निर्णय घेण्याचा सराव झालेली स्त्रीच उद्या बाजार समितीत, महापालिकेत आणि विधानसभेत ठामपणे बोलू शकेल.