शेपटी सुटली, आता पुढे काय?

परवा नातवासाठी पतंग आणायला बाजारात गेलो होतो. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस आमचं येवला गच्चीवर असतं, हे नातेवाइकांना सांगायला नको, ब्लॉगमित्रांसाठी सांगतो.

नातू अकरा वर्षांचा. मागच्या वर्षी शेपटीच्या पतंगावर शिकला, यंदा बिनशेपटीचा उडवू लागलाय. त्यामुळे स्वारी जोरात! दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. आवाज खाली आणून म्हणाला, "सर, पोरगं तयार झालंय. आता मोठा पतंग द्या, मोठी आसारी द्या, आणि 'तो' मांजा द्या. नाहीतर पहिल्याच पेचात कटेल."

'तो' म्हणजे नायलॉन. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातलेला. मी त्याला चार शब्द सुनावले आणि रिकाम्या हाताने परतलो. पण खरं सांगतो, राग त्याच्यापेक्षा आपल्या सगळ्यांवर जास्त आहे. मूल जरा शिकलं की त्याच्या हाती उस्तादाचं सामान द्यायचं, ही आपली जुनी खोड.

मीही यातून सुटलेलो नाही. १९८८ साली मुलाला मी असाच हौसेने मोठा पतंग आणून दिला होता. पतंगाची बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर मांडायचो. तेवढी ओढ दहा वर्षांच्या बोटांवर येईल, हे मात्र गच्चीवर सुचलं नाही. वाऱ्याचा झोत आला आणि तर्जनी हाडापर्यंत चिरली. जखम भरली, पण त्याने पतंग सोडला तो सोडलाच. दोष पतंगाचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

ऑस्ट्रेलियातल्या पुतण्याचा फोन आला तेव्हा हे बोलणं निघालं, तर तो हसायलाच लागला. त्याचा मुलगा समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरण्याचा खेळ शिकतो. लांब, रुंद, तरंगती फळी असते शिकाऊंची. मुलगा तिच्यावर उभा राहू लागला, आणि यांनी लगेच पटाईत लोकांची अरुंद, आखूड फळी घेऊन दिली. ती नवख्याचा भार नीट पेलेना, लाट सापडेना, पोरगं हिरमुसलं. आता मधल्या मापाची घेतलीय. म्हणजे खोड फक्त येवल्याची नाही!

माझं म्हणणं सोपं आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. शेपटी काढली ना? मग पतंगाचं माप या वर्षी तेच ठेवा. बिनशेपटीचा पतंग चंचल असतो, त्याला वळवायला, सावरायला हात शिकू द्या. पतंग घेताना रंगापेक्षा कमान बघा. दोन्ही बाजूंना सारखी वाकते का, एका अंगाला झुकते का ते बघा. कन्नी मुलाला स्वतः बांधू द्या, चार वेळा चुकू द्या. आसारी त्याच्या हाताला पेलेल एवढीच घ्या, आणि दोरा साधा, सुती. एवढं जमलं की पुढच्या वर्षी एक माप मोठा पतंग.

"पण मग तो कटेल!" कटू द्या की! कटल्याशिवाय ढील कधी द्यायची आणि ओढायचं कधी, हे कुणाला कळलंय? नायलॉन कौशल्य देत नाही, कौशल्याची गरजच संपवतो. वर तो तुटत नाही, कुजत नाही. झाडावर लटकून पाखरं मारतो आणि दुचाकीवरून जाणाऱ्याचे गळे चिरतो. गेल्या जानेवारीत माझ्या मफलरला असाच एक दोरा अडकला. लोकर चिरली, मान वाचली. थंडी नसती तर हा लेख तुम्ही वाचत नसता.

असो. काल दुसऱ्या दुकानातून सहा मध्यम पतंग आणि सुती दोरा आणला. नातवाचं तोंड जरा वाकडं झालंय. होऊ दे. पहिला पेच त्याने स्वतःच्या हाताने जिंकला, की ते आपोआप सरळ होईल.

तुमच्या घरी या वर्षी काय आणलंत? खरं खरं सांगा.