गॅप लपवू नका

बायोडेटातली गॅप कशी झाकायची, हा प्रश्न इंजिनिअरिंग केलेली आपल्यातली तरुण मुलं-मुली मला सतत विचारतात. कुणाचं बाळंतपण, कुणाचे अब्बा आजारी, कुणाची नोकरीच गेलेली. सल्ला देणारेही तयार असतात: ‘ओळखीतल्या कंपनीचं एक्सपिरियन्स लेटर घे.’

घेऊ नका. ते खोटं आहे, आणि ते टिकतही नाही. कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यापर्यंत पैसे भरले, हे पीएफच्या यूएएन खात्यात दिसतं. पत्र बनावट निघालं, तर दोन वर्षांच्या गॅपऐवजी फसवणुकीचा शिक्का बसतो. नाव किंवा हिजाब पाहून आधीच बिचकणारे लोक असतात. त्यांच्या हातात आपणच कारण का द्यावं?

अंधेरीत मी काही वर्षं मुलाखती घेतोय. ‘अम्मीच्या डायलिसिससाठी दीड वर्ष घरी होतो,’ असं कुणी सरळ सांगितलं की तो विषय दोन मिनिटांत संपतो. मग प्रश्न उरतो, आज काय येतं? इथे मात्र सवलत नाही. तीन वर्षांत फ्रेमवर्क बदलतात. पण एसक्यूएल, डेटा स्ट्रक्चर, दुसऱ्याच्या कोडमधली चूक शोधणारी नजर, हे शिळं होत नाही. रोज दोन तास काढून एखादं छोटं पण पूर्ण काम करा, गिटहबवर ठेवा. सर्टिफिकेटांच्या ढिगाआधी मी तेच उघडतो.

करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी टाटा समूहाने २००८ मध्येच ‘सेकंड करिअर’ इंटर्नशिप सुरू केली. म्हणजे खंड ही काही जगावेगळी गोष्ट नाही.

अडतं ते घरात. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं. पण सकाळी घाटकोपरहून मरोळची मेट्रो पकडायची, तर तापलेल्या मुलाजवळ कोण थांबणार, हे कुठला कायदा सांगणार? ‘माझी परवानगी आहे,’ असं अभिमानाने सांगणारे नवरे मी खूप पाहिलेत. परवानगी कुणी मागितली होती? भाईजान, पुढच्या पॅरेंट्स मीटिंगला अर्धी रजा तुम्ही टाका.