मनःशांती हप्त्यावर मिळत नाही

सध्या मनःशांतीचा बाजार जोरात आहे. श्वास शिकवणारं अ‍ॅप, त्याची वार्षिक वर्गणी, ध्यानाला बसायची खास उशी, ताण मोजणारं मनगटी घड्याळ, आणि लोणावळ्याच्या रिसॉर्टात शनिवार-रविवारचं 'मौन' शिबिर (सेल्फीला परवानगी आहे). वस्तूंत सुख नाही हे शिकायला एवढ्या वस्तू लागतात!

ध्यानाची चेष्टा करत नाहीये. ध्यानात दम आहे असं वाटतं, म्हणूनच चिडून लिहितेय.

इगतपुरीचं उदाहरण घ्या. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातले बडे व्यापारी. पैसा भरपूर, पण अर्धशिशीनं हैराण. परदेशातले डॉक्टर झाले, गुण येईना. शेवटी ऊ बा खिन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे ते विपश्यना शिकले आणि १९६९ मध्ये ती घेऊन भारतात आले. त्यांच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिराला आजही फी नाही. राहणं-जेवण फुकट. दान द्यायचं तर शिबिर पूर्ण केल्यावरच, आणि तेही इच्छा असेल तर. पहाटे ४ ला घंटा, फोन जमा, बोलणं बंद, गुडघ्यांची बोंब. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजारावर कैदी अशाच शिबिराला बसले. त्यांनी कुठली उशी ऑर्डर केली होती?

आणि पैशाचं म्हणाल तर १९७८ मध्ये अमेरिकेत ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांचा अभ्यास केला. नमुना छोटा होता हे खरं. पण ते शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, उलट रोजच्या साध्या गोष्टींतली मजा त्यांना कमीच वाटत होती. नवी गाडी दारात आल्यावर दोन महिन्यांत आपलं काय होतं, ते आठवा.

आता लगेच कुणीतरी विचारणार, "म्हणजे गरिबानं समाधान मानून गप्प बसायचं का?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर आहे, अजिबात नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या शेतकऱ्याची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून दमलेला, उपाशी माणूस उपदेश ऐकायला आला. बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला लावलं, धम्म नंतर सांगितला.

आमच्याकडचे साहेब लोक हा क्रम बरोब्बर उलटा करतात. पगारवाढ मागितली की 'तणावमुक्त जीवन' कार्यशाळा! तीही शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, हजेरी सक्तीची. बारा-बारा तास राबवून घ्यायचं, रात्री ११ ला मेसेज टाकायचा आणि वर सांगायचं, श्वासाकडे लक्ष द्या. ही साधना नाही, ही कामचुकार मालकाची पळवाट आहे.

आधी पगार वेळेवर द्या साहेब, आणि ७ ला घरी सोडा. डोळे मिटून बसायचं की नाही ते आमचं आम्ही बघू, त्याची हजेरी तुमच्या मस्टरवर नको.